वाटेची जकात

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी जुन्नरच्या स्टँडवरून पश्चिमेकडे निघतो, कुठल्या तरी फाट्यावर उतरतो, दिवसभर एकटा चालतो आणि संध्याकाळच्या गाडीने घरी येतो. एवढ्या साध्या गोष्टीवर लिहिण्यासारखे काही असेल असे मला काही वर्षांपूर्वी कुणी सांगितले असते तर मी हसलो असतो. माझे चालणे हे पराक्रमाचे चालणे नव्हे. तरणी मंडळी दोर घेऊन जीवधनशेजारच्या वानरलिंगीच्या सुळक्यावर चढतात. मी खालून मान वर करून त्यांच्याकडे पाहतो आणि पुढे जातो. माझ्या वाटा म्हणजे या पाड्यावरून त्या पाड्याला जाणाऱ्या, गुरांच्या, देवळाच्या, सरपणाच्या. दहा-बारा किलोमीटरांहून अधिक मी सहसा चालत नाही. पिशवीत दोन भाकऱ्या, ठेचा, एक कांदा आणि पाण्याची बाटली असते. कादंबरीतले एखादे पात्र अडून बसले असेल तर तेही बरोबर येते. पण ते काही भाकरीत वाटा मागत नाही.

वाटेत माणूस भेटला की तो पहिल्याने विचारतो, "कुठं निघालात?" आणि मग लगेच, "काय काम काढलं?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. दुसऱ्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. आरंभी मी "सहज" म्हणत असे. पण अलीकडे मुंबई-पुण्याचे लोक या भागात जमिनी धुंडाळत हिंडतात, आणि सहज हिंडणारा परका म्हणजे जमिनीचा दलाल, असे समीकरण होऊन बसले आहे. एका म्हाताऱ्याने मला सरळच विचारले, "एकराला काय लावता?" तेव्हापासून मी खोटे बोलू लागलो. "देवाला चाललोय" म्हणतो. आमच्या मुलखात कुठल्याही दिशेला तोंड करून चालले तरी कुठला ना कुठला देव पुढे असतोच, त्यामुळे हे खोटे सहसा उघडे पडत नाही. सहा दिवस मुलांना खरे बोलायला शिकवायचे आणि सातव्या दिवशी डोंगरात जाऊन खोटे बोलायचे, असा हा माझा आठवडा.

हे गमतीने सांगितले खरे, पण मला त्या खोट्याची गरज का पडावी? चोरी करायला तर मी चाललेलो नसतो. मग "मला आवडते म्हणून चालतो" एवढे चार शब्द ओठांशी येऊन का अडतात? डोक्यावर मोळी असलेल्या माणसापुढे ते उच्चारता येत नाहीत, हे त्याचे कारण. ज्या वाटेवर तो पोटासाठी चालतो त्याच वाटेवर मी पोट भरलेले असल्यामुळे चालतो. दोघांच्या पायांखाली दगड तोच असतो. आणि नेमके तेच मला अवघडवून टाकते.

तरीही मी चालतो, आणि एकटाच चालतो. का, तेही सांगायला हवे. नाहीतर पुढचे सारे ढोंग ठरेल. सोबत असली की माणूस बोलतो. बोलू लागला की तो जिथून आला तिथलाच राहतो. आम्ही शिक्षक मंडळी एकदा हडसरला गेलो होतो. किल्ल्याच्या कातळात कोरलेल्या पायऱ्या चढताना आमची चर्चा वेतनश्रेणीवर चालली होती, आणि उतरतानाही ती संपलेली नव्हती. एकटे चालताना पहिला तासभर डोक्यात तसलाच कोलाहल असतो. मग केव्हा तरी तो थांबतो, आणि आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. ऐनाच्या झाडाची साल सुसरीच्या पाठीसारखी दिसते हे मी चाळिशी उलटल्यावर पाहिले. त्यापूर्वी मी त्या झाडाखालून शंभर वेळा तरी गेलो असेन. आणखी एक सुख असते, आणि माझ्या विषयाचा संबंध त्याच्याशी आहे. चालणाऱ्या एकट्या माणसाला वाटते की आपण कुणाचे काही लागत नाही. भाकरी आपली, पाय आपले, वाट कुणाचीच नाही. आठवडाभर शाळा, घर, हप्ते, प्रकाशक यांच्या देण्याघेण्यात बुडालेल्या माणसाला हे उणेपुरे आठ तासांचे ऋणमुक्त आयुष्य फार गोड वाटते.

(आमच्या शाळेतल्या एक बाई एकदा म्हणाल्या, "मलाही असे एकटीने हिंडावेसे वाटते." मी उत्साहाने वाटा सांगू लागलो. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "सर, तुम्हाला 'काय काम काढलं' एवढेच विचारतात. मला काय काय विचारतील?" मी गप्प बसलो. हे आठ तास पुरुषाच्या वाट्याला किती स्वस्तात येतात याचा तोवर मी विचारच केला नव्हता.)

आता त्या "वाट कुणाचीच नाही" या समजुतीविषयी.

आमच्या भागातली सर्वांत जुनी वाट म्हणजे नाणेघाट. कोकणातून वैशाखऱ्याकडून चढणारी ही फरसबंद वाट घाटघरच्या पठारावर येते आणि तिथून जुन्नरला. सातवाहनांच्या काळी, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच खिंडीतून वर येत असे. खिंडीच्या तोंडाशी दगडाचा एक मोठा रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे लोक सांगतात, आणि घाटाचे नावही त्यावरूनच पडले म्हणतात. जवळच्या गुहेत भिंतीवर ब्राह्मी लिपीत राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांनी गेल्याच्या आदल्या शतकात तो वाचण्यासाठी डोळे झिजवले. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची नावे आहेत आणि त्यांत दिलेल्या दक्षिणेचा हिशेब आहे: हजारांनी गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आपल्या अंकांची फार जुनी रूपे त्या हिशेबात सापडतात, म्हणून गणिताचे अभ्यासकही तिथे येतात. मागच्या भिंतीला राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. वर त्यांची नावे अजून वाचता येतात: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सातकर्णी आणि इतर. पुतळे मात्र गेले. कुठे कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. राजांची डोकी जाऊन पावले राहावीत, आणि तीही घाटवाटेवर, याची मला दर वेळी गंमत वाटते.

पण मी त्या घाटात जातो तो राणीसाठी नव्हे. तिथल्या पाण्याच्या एका टाक्याशी दुसरा एक लेख आहे, अगदी लहान. एका सातकर्णी राजाच्या तेराव्या वर्षी एका गृहस्थाने ते टाके दान दिले, एवढाच त्याचा आशय. हजार गाई नाहीत, हत्ती नाहीत. वाट चढून आलेल्याला तहान लागते, हे त्या गृहस्थाला ठाऊक होते. राणीच्या गाई कुठे गेल्या कोण जाणे. त्या घाटातल्या टाक्यांतले पाणी मात्र आजही लोक पितात. पावसाळ्यात तिथे आता इतकी गर्दी लोटते की वाऱ्याने उलटा उडणारा धबधबा पाहायला माणसांच्या खांद्यांवरून मान काढावी लागते. एका श्रावणात मी त्या जकातीच्या रांजणात डोकावून पाहिले. वेफरच्या पिशव्या होत्या आणि एक फुटका चष्मा.

तर या वाटांना जकात असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. प्रत्यक्ष कळले ते २०२३ च्या एप्रिलात.

चैत्राचा उत्तरार्ध होता. मी दोन पाड्यांमधल्या एका पायवाटेने चाललो होतो. झाडी सरली आणि उघडे सडे लागले. अकराच्या सुमारास बाटली संपली. फार काही कठीण प्रसंग होता असे नव्हे. पण तहान लागली होती आणि डोके तापले होते. तेवढ्यात एक घर आले. अंगणात हिरडा वाळत घातलेला, दारात एक म्हातारी निवडटिपण करीत बसलेली. मी पाणी मागितले. ती काही न बोलता उठली आणि तांब्या घेऊन आली. पाणी थंड होते. मी तांब्या रिता केला आणि आणखी मागितले. दुसऱ्या तांब्याने मी चूळ भरली, तोंडावर पाणी मारले, मानेवरून ओतून घेतले. तिसरा तिने न मागता आणला. त्यात मी रुमाल भिजवला, पिळला आणि डोक्याला बांधला. मग बाटली पुढे केली. तिने तीही भरून दिली. "बसा की उन्हाचं," म्हणाली. मी "देवाला जायचंय" म्हणालो, हात जोडले आणि निघालो. फार प्रसन्न वाटत होते. डोंगरातली माणसे किती उदार असतात, असले काहीतरी वाक्यही मनात जुळत होते. लेखकाला ही खोड असतेच.

वाट उतरू लागली. चांगला अर्धा तास उतरल्यावर ओढ्याचे कोरडे पात्र लागले. तिथे खडकाच्या सांदीत एक खळगा उकरलेला होता, वीतभर खोल. भोवती आठ-दहा हंडे-कळशा ओळीने मांडलेल्या. खळग्याशी एक मुलगी बसली होती, फार तर बारा-तेरा वर्षांची. खळग्यात पाझर जमला की ती करवंटीने अलगद उचलून हंड्यात घाली. मग पुन्हा थांबे. झरा भरायची वाट पाहण्याचे असे काम मी तोवर कधी पाहिले नव्हते. एक हंडा भरायला किती वेळ लागतो म्हणून मी विचारले. तिने माझ्या डोक्यावरच्या ओल्या रुमालाकडे पाहिले आणि म्हणाली, "पाझर येईल तसा." वर पाड्यात नळ आहे की, असे मी म्हणालो, कारण येताना मी तो पाहिला होता. "त्याला पावसाळ्यात पानी येतंय," ती म्हणाली.

मी तिथे उभा होतो आणि मानेवरून ओघळलेले पाणी अजून पाठीवर वाळत होते.

आता माझ्या अपराधाची मोजदाद करू. चार तांबे पाणी. म्हणजे त्या करवंटीच्या हिशेबाने कुणाचा तरी पाऊण-एक तास आणि चढणीवरून डोक्यावर आणलेले ओझे. पोलिसांत जाण्यासारखे यात काही नाही. मला ठाऊक नव्हते, असे मी स्वतःला सांगितले, आणि ते खरेच होते. न कळत घडलेल्या गोष्टीचे पाप नसते, असे आपण मुलांनाही सांगतो. शिवाय सांगितले असते तर मी थोडेच केले असते? पण ती सांगणार नव्हती. दारी आलेल्याला पाणी जपून वापर असे सांगणे तिच्या रीतीत बसत नाही. तिची रीत पाळली जाण्यासाठी दुसऱ्या बाजूला एक जाणता पाहुणा हवा होता, आणि तो मी नव्हतो.

इथवर ठीक. पण मग मला असे का दिसू लागले की माझे ते न कळणे काही अपघाताने आलेले नव्हते? एकट्याने चालण्याची माझी सारी गोडीच मुळी काही न कळण्यात होती. त्या गावातला एखादा माणूस बरोबर घेतला असता तर त्याने पहिल्या तांब्यालाच माझा हात धरला असता. मी तो घेतला नाही. कारण मला त्या मुलखातली झाडे हवी होती, वारा हवा होता, शांतता हवी होती, आणि माणसे हवी होती ती लांबून, चित्रातल्यासारखी. माझ्या दुसऱ्या कादंबरीत एक वर्णन आहे. सांजवेळी डोक्यावर हंडे घेतलेल्या बायकांची रांग टेकडीवरून उतरते, आणि नायकाला ती आभाळातल्या पाखरांच्या माळेसारखी दिसते. एका परीक्षणकर्त्याने ते वर्णन वाखाणले होते. ते हंडे किती वेळात भरले असतील हा प्रश्न नायकाला पडला नाही, लेखकाला पडला नाही, आणि परीक्षणकर्त्यालाही पडला नाही.

आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. जुन्नरच्या या पश्चिम पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की चार-चार दिवस दार उघडवत नाही. ते सारे पाणी खाली माणिकडोहासारख्या धरणांत साठते आणि कुकडीच्या कालव्यांनी शिरूर, पारनेर, श्रीगोंदे, पार करमाळ्यापर्यंत जाते. ते जावे; तिकडची शेतेही तहानलेलीच आहेत. पण ज्या सड्यावर हा पाऊस पडतो तिथे चैत्रात करवंटीने पाणी भरतात. हे मला भूगोल शिकवणारा मास्तर म्हणून ठाऊक असायला हवे होते. फळ्यावर धरणांची नावे मी दर वर्षी लिहितो.

मी परत वर गेलो का? नाही. जावे असे वाटले. पण जाऊन काय करणार होतो? बाटली तिच्या हंड्यात ओतणार होतो? तेही हास्यास्पद दिसले असते. दुपारच्या गाडीची वेळ होत आली होती. मी तसाच उतरून फाट्यावर गेलो. त्या मुलीला तेवढी बाटली द्यावी हेही मला गाडीत बसल्यावर सुचले. एकटेपणाचा हा दुसरा गुण: तुम्ही परत फिरला नाहीत हे पाहायला कुणीच नसते.

घरी येऊन मी या गोष्टीवर पुष्कळ दिवस घालवले. एकांत हवा म्हणणारा मी काही पहिला नव्हे. तुकोबा भंडाऱ्यावर जाऊन बसत. त्यांच्या एकांताबद्दल आपण भक्तिभावाने बोलतो, आणि बोलावेच. पण देहूकडे सांगितली जाणारी कथा मला आता वेगळी ऐकू येऊ लागली. तुकोबा डोंगरावर, आणि आवली उन्हात भाकरी घेऊन त्यांना शोधत निघालेली. तिच्या पायात काटा मोडतो आणि प्रत्यक्ष विठोबा येऊन तो काढतो. लहानपणी ही कथा मला देवाच्या दयेची वाटे. आता वाटते, ज्याने ही कथा पहिल्यांदा सांगितली त्याला एक गोष्ट नीट दिसली होती: डोंगरावरच्या एकांताची भाकरी कुणाच्या तरी पायांनी वर येते. त्याने त्या पायाची दखल घेतली. नुसती घेतली नाही, देवाला तिथे वाकवले. तुकोबांशी माझी तुलना करण्याचा हा उद्योग नव्हे. पण माझीही भाकरी पहाटे पाचला उठून कुणी तरी थापलेली असते, आणि रविवारी घरात जे जे करायचे राहते ते कुणी तरी करते. "भाकरी आपली" असे मी वर लिहिले आहे. ते खोडत नाही. राहू दे तसेच.

तिकडे फ्रान्समध्ये रूसोने आयुष्याच्या अखेरीस एकाकी पांथस्थाच्या चिंतनाचे पुस्तक लिहिले. ते त्याच्या मृत्यूनंतर १७८२ मध्ये छापले गेले. जग आपल्याला वाईट वागवते, म्हणून आपण एकटे चालतो, असा त्याचा सूर. पण चौथ्या फेरफटक्यात हा माणूस कशाचा विचार करीत चालतो? तरुणपणी आपण केलेल्या फितीच्या चोरीचा आळ एका निरपराध मोलकरणीवर घातला, त्या खोट्याचा. चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. मला त्याच्याबद्दल एरवी फारशी आपुलकी नाही; स्वतःची मुले अनाथालयात ठेवून शिक्षणावर ग्रंथ लिहिणाऱ्याबद्दल मास्तराला ती कशी वाटावी? पण इथे तो खरा वाटतो. माणसांपासून सुटण्यासाठी एकटे चालू लागावे, तर ज्यांचे आपण लागतो ती माणसे नेमकी तिथेच आडवी येतात.

एक प्रश्न मात्र मला याहूनही कठीण वाटतो. मला आवडणाऱ्या वाटा निर्जन आहेत. त्या निर्जन का आहेत? पूर्वी आठवड्याच्या बाजाराला याच वाटांनी माणसांची रीघ लागे, असे म्हातारी माणसे सांगतात. आता डांबरी सडक झाली, जीप आल्या, पोरांकडे मोटारसायकली आल्या. कितीएक घरे नारायणगावला, पुण्याला, मुंबईला गेली. म्हणजे ज्या शांततेसाठी मी चाळीस रुपये तिकीट काढून येतो, ती शांतता म्हणजे त्या वाटेवरच्या माणसांनी सोडून दिलेली जागा आहे. एका तरुणाला मी मोठ्या हळहळीने म्हणालो, "जुन्या वाटा मोडत चालल्या, नाही?" तो मोटारसायकल पुसत होता. म्हणाला, "मोडूंद्या की गुर्जी. त्या वाटंनं माझ्या आईला डोलीतनं न्यावं लागलं हुतं." मला पुढे बोलता आले नाही. वाट मोडल्याचे दुःख व्हायला त्या वाटेवरून कधी ओझे वाहिलेले नसावे लागते, असे दिसते. आणि तरीही, मोडलेली वाट पाहून मला दुःख होते; ते खोटे आहे असेही मला म्हणवत नाही.

त्याच वर्षी कार्तिकात मी म्हातारीकडे पुन्हा गेलो. ओढ्याला पाणी होते, नळालाही होते, सडे हिरवे होते, आणि माझ्याजवळ दोन भरलेल्या बाटल्या होत्या. नको तेव्हा माणूस असा शहाणा होतो. तिने मला ओळखले नाही. मी म्हणालो,

"आजी, चैतात मी आलो होतो. तुमचं पाणी मी तोंड धुवायला घालवलं."

"कवा?"

"हिरडा वाळत होता बघा अंगणात. रुमाल भिजवला मी."

तिने डोळ्यांवर हात धरून मला नीट पाहिले. "लई येत्यात," ती म्हणाली. "उन्हाचा मानूस तोंड धुनारच."

"पण तुम्ही ते एवढ्या लांबून आणलेलं."

"मग? आता त्ये परत देता येतंय का?"

हे ती रागाने म्हणाली नाही. एखादी वस्तू परत देता येते की नाही, एवढीच तिची चौकशी होती. मी खिशातून पन्नासाची नोट काढली. तिने ती घेतली नाही, रागावलीही नाही. "चा पिनार का?" म्हणाली. मी शिक्षक आहे हे कळल्यावर घरातून एक कागद घेऊन आली. पेन्शनच्या कामाचा होता. कुणी तरी तालुक्याहून आणून दिलेला. मी तो वाचून दाखवला, कुठे अंगठा करायचा ते सांगितले, आणि एक जोडपत्र कमी आहे तेही सांगितले. चहा झाल्यावर मी उठलो, तेव्हा ती म्हणाली, "खालच्या वाटंनं जावा. कोन चालंना म्हनून मुजाया लागलीय. मला गाडी लागती, भनीकडं जायचं तर त्याच वाटंनं जावं लागतं."

मी खालच्या वाटेने गेलो, आणि जाताना भलताच आनंदात होतो. माझे निरुद्देश चालणे कुणाच्या तरी उपयोगी पडते! "काय काम काढलं?" या प्रश्नाला आता खरे उत्तर होते: वाट राखायला चाललोय. ओढ्यापाशी पोचेपर्यंत हा आनंद टिकला. मग माझ्यातल्या मास्तराने गणित मांडले. वर्षातून मी त्या वाटेने फार तर चार-पाच वेळा जाईन. एका पावसाळ्यात कारवी आणि घाणेरी जेवढी वाढते तिच्यापुढे माझ्या पावलांचे मोल काय? वाट राहते ती रोजच्या गरजेने. रविवारच्या हौसेने नव्हे. म्हातारीने मला एक काम सांगितले होते. मी त्यातून स्वतःसाठी क्षमापत्र तयार केले, आणि वर तिचा अंगठा उठवला.

म्हणून मी चालणे सोडावे काय? हाही विचार करून पाहिला. पण मी घरी बसल्याने खळग्यात करवंटीभर पाणी वाढत नाही; उलट तो खळगा आहे हे मला कळलेही नसते. काही सवयी तेवढ्या बदलल्या आहेत. फाल्गुनापासून मी तीन बाटल्या नेतो आणि कुणाच्या दारी पाणी मागत नाही. दिले तर घोटभर घेतो, कारण न घेणे हाही अपमान असतो. "सहज" असे उत्तर पुन्हा देऊ लागलो आहे. लोक दलाल समजतात, समजोत. सहावीच्या वर्गात धरणांची नावे लिहिली की मी मुलांना विचारतो, धरणाच्या वरच्या अंगाला कोण राहते. पश्चिमेकडून आलेली दोन मुले वसतिगृहात आहेत. ती हात वर करतात. पिशवीत एक कोयती असते. तिने मी वाटेवर आलेल्या फांद्या तोडतो. थोड्याच, कारण तासाभरात हाताला फोड येतो. याने देणे फिटते असे मी म्हणत नाही. फिटावे अशी घाई मला होती, तीच मुळात शहरी घाई होती असे आता वाटते. गाव एकमेकांचे देणे फेडत नाही. ते चालू ठेवते. मी गावचा नव्हे, म्हणून मला पावती हवी होती.

यंदा भाद्रपदात मी पुन्हा त्या वाटेने वर गेलो. वाट सापडायला वेळ लागला. कारवी छातीपर्यंत आली होती, आणि दोनदा मी चुकून गुरांच्या वाटेला लागलो. पिशवीत एक किलो साखर आणि पाव किलो चहा होता. घराला कडी होती आणि ओट्यावर हंडा पालथा घातलेला. शेजारच्या घरातली बाई बाहेर आली. म्हातारी लेकीकडे ओतूरला गेली आहे, पाऊस सरल्यावर येईल, असे तिने सांगितले. मी साखर आणि चहा तिच्याजवळ दिला.

"कोन म्हनून सांगू?" तिने विचारले.

म्हातारीला माझे नाव मी कधी सांगितलेच नव्हते. "जुन्नरचे गुर्जी म्हणा," मी म्हणालो.

"जुन्नरला गुर्जी लई हायेत," ती म्हणाली, आणि आत जाऊन साखर डब्यात ओतून पिशवी मला परत आणून दिली.